आजींच्या भावाने आणलेले खेकडे

टेक्सासमधल्या प्लेनोत आमच्या डाव्या हाताच्या घरात एक चिनी कुटुंब राहायचं. मुलगा, सून आणि मुलाची आई. मुलगा आणि सून सकाळी आपापल्या गाड्या काढून कामाला गेले की त्या घरात आई एकट्या आणि आमच्या घरात मी एकटी. नवरा ऑफिसात, लेक शाळेत. माझा व्हिसा डिपेंडंट होता, त्यावर नोकरी करायला परवानगी नव्हती.

दोन घरांच्या मध्ये लाकडी कुंपण होतं. त्यातली एक फळी वरून मोडलेली होती, तिथून त्या मला काकड्या द्यायच्या, दोडके द्यायच्या, कधी हातभर लांब चवळीच्या शेंगा. मी त्यांना कोथिंबीर द्यायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी येत नव्हतं. माझ्या लेकीने एकदा त्यांना 'आजी' म्हणून हाक मारली, त्यांना ती आवडली, आणि तेव्हापासून त्या आमच्या आजी झाल्या. आमचं बरं चाललंय, चांगला शेजार आहे, असं मी पुण्याला फोनवर आईला सांगायचे.

२००६ सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस नवरा घरात शिरला तो ओरडतच.

"शांघाय! आपण दोघं! बिझनेस क्लास!"

तो एका टेलिकॉम कंपनीत सेल्समध्ये होता. ज्यांची विक्री सगळ्यात जास्त, त्यांना कंपनी दर वर्षी बायकोसकट कुठे ना कुठे फिरायला न्यायची. आमची पाळी पहिल्यांदाच आली होती. मी लगेच साड्यांचं कपाट उघडलं आणि लगेच बंद केलं. तिथे काय घालायचं असतं हेच माहीत नव्हतं. मग मॉलमध्ये जाऊन दोन लांब ड्रेस आणि चंदेरी सँडल घेतल्या.

ही बातमी कुंपणापलीकडे कशी गेली कोण जाणे, बहुतेक लेकीने सांगितलं असेल. त्याच आठवड्यात शेजारचा मुलगा आईला घेऊन आमच्याकडे आला. आजींनी चांगला स्वेटर घातला होता, केस चापून बसवले होते. आमच्या सोफ्यावर त्या अगदी कडेला बसल्या.

"आई शांघायची आहे," मुलगा म्हणाला. "माझा मामा अजून तिथेच असतो. आईला आता ट्रॅव्हल करता येत नाही, डायलिसिस चालू आहे. ही पिशवी तुम्ही मामाला द्याल का?"

आजी डायलिसिसवर आहेत हे मला त्या क्षणी कळलं. आठवड्यातून तीनदा एक पांढरी व्हॅन यायची आणि त्यांना घेऊन जायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या लोकांचा कुठला तरी क्लब असेल, पत्तेबित्ते खेळायला जात असतील. मी त्यांना हात हलवून हसून निरोपही द्यायचे.

"देईन की," मी म्हटलं.

"आणि मामाचा एक फोटो काढून आणाल? तो कॉम्प्युटर वापरत नाही. आईने त्याला बरीच वर्षं पाहिलेलं नाही."

"एक कशाला, पन्नास काढते!"

त्याने ते आईला सांगितलं. आजी उठल्या, माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. मुलाने त्याचं भाषांतर केलं नाही. "ती थँक्यू म्हणतेय," एवढंच म्हणाला.

पिशवीत आजींनी स्वतः विणलेलं मरून रंगाचं जाकीट होतं, जिनसेंगच्या औषधी मुळ्यांचा डबा, व्हिटॅमिनच्या बाटल्या, आणि टेक्सासचा नकाशा काढलेली एक टोपी.

लेकीला मराठी मंडळातल्या एका मावशींकडे ठेवलं आणि आम्ही निघालो.

शांघायबद्दल मला जे आठवतं त्यातलं बरंचसं आतून पाहिलेलं आहे. गाडीच्या काचेतून, खोलीच्या काचेतून. हॉटेल नदीकाठी होतं. खोलीतून पलीकडचे उंच उंच टॉवर दिसायचे, एकाला गुलाबी गोळे, एकाच्या माथ्यावर मुकुट, संध्याकाळी सगळे रंग बदलायचे. टबात पडल्या पडल्या नदीतल्या बोटी बघता याव्यात म्हणून बाथरूमलाही काच होती. उशा कशाच्या हव्यात ते निवडायला एक वेगळं कार्ड होतं. आम्हाला गाडी होती, सीटवर पांढरीशुभ्र कव्हरं, आणि एक गाइड मुलगी, फार छान इंग्रजी बोलणारी. पहिल्या दिवशी मी टॉवेल घडी करून ठेवले. दोन दिवसांनी मी ते खुशाल जमिनीवर टाकून बाहेर पडत होते. इतक्या लवकर सवय होते माणसाला. मला मजा येत होती. खोटं कशाला सांगू, फार मजा येत होती. टेक्सासमधल्या घरी फरशी मी पुसायचे, टॉयलेट मी घासायचे, आणि इथे मी लिफ्टजवळ पोचायच्या आत कुणीतरी बटण दाबत होतं.

आजींची पिशवी कपाटात होती. रोज कार्यक्रम असायचा. कंपनीची मीटिंग असली की आम्हा बायकांना कुठेतरी न्यायचे. रेशमाच्या दुकानात, बागेत, मसाजला. मी ठरवलं होतं की मामांच्या घरी जाऊन यायचं, पण गाइड म्हणाली, ते शहराच्या अगदी टोकाला राहतात, रहदारीत अर्धा दिवस मोडेल. मग मी म्हटलं, ड्रायव्हरबरोबर पिशवी पाठवून दिली तर? तिने मामांना फोन लावला. बराच वेळ बोलली, मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "ते नको म्हणतात. म्हणतात, पिशवी महत्त्वाची नाही. ज्या बाईने बहिणीला बघितलंय तिला मला भेटायचंय. ते स्वतः येतील."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. त्याच्या आधी, दुपारी चारला त्यांनी हॉटेलच्या लॉबीत यायचं असं ठरलं. चारला मी खाली गेले. कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबले, काउंटरवर विचारलं, आणि मग पार्लरची वेळ घेतली होती म्हणून केस करून घ्यायला गेले. मनात आलं, नाही जमलं बिचाऱ्यांना, पिशवी कुरियरने पाठवू.

सहाच्या सुमाराला लॉबी आमच्याच लोकांनी भरली होती. पुरुष काळ्या सुटात, बायका उघड्या पाठीच्या ड्रेसमध्ये, हातात शॅम्पेन. नवऱ्याचा बॉस, त्याची बायको, डॅलस ऑफिसचे सगळे. मी नवऱ्याच्या शेजारी उभी होते, नव्या चंदेरी सँडल घालून. तेवढ्यात गाइड धावत आली.

"ते आले आहेत. चारपासून बाहेर उभे आहेत. दरवाज्यावरचे लोक त्यांना आत सोडत नव्हते."

"का?"

"त्यांच्याकडे करंडी आहे."

काचेच्या दारापलीकडे मला ते दिसले. साठीच्या पुढचे, बारीक, टक्कल पडलेलं, जुना पण इस्त्री केलेला कोट, आणि शेजारी त्यांची बायको. युनिफॉर्मवाला दारवान त्यांना हाताने बाजूला व्हायला सांगत होता आणि ते त्याला शांतपणे काहीतरी समजावत होते. गाइडने बाहेर जाऊन भांडून त्यांना आत आणलं. ते सरळ माझ्यापाशी आले, वाकले, आणि बांबूची करंडी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

करंडीत जिवंत खेकडे होते. काळपट हिरवे, पायांना केस, गवताच्या दोरीने एकेक बांधलेला. तोंडातून फेस येत होता, आणि त्याचा बुडबुड आवाज.

"हे फक्त या मोसमात मिळतात," गाइड म्हणाली. "ते आज पहाटे तळ्याकाठच्या गावी जाऊन घेऊन आलेत. आमच्याकडे याहून मोठी भेट नाही."

मी पुण्याची, जन्मापासून शाकाहारी. पण खरी गोष्ट ती नव्हती. सगळी लॉबी आमच्याकडे बघत होती. बॉसच्या बायकोने नाकाला हात लावला होता. मला वाटलं, आत्ता नको, इथे नको, यांनी हे मागच्या दाराने द्यायला हवं होतं. मी हात पुढे केले, पण अर्धवटच केले. करंडी माझ्या बोटांना लागली आणि कलंडली.

एका खेकड्याची दोरी सैल झाली असावी. तो संगमरवरावर पडला, क्षणभर गप्प राहिला आणि मग तिरपा पळत सुटला. कुणीतरी किंचाळलं. मग हशा. "देअर गोज डिनर!" असं मागून कुणीतरी ओरडलं. फ्लॅश उडाले. मामा खाली गुडघ्यांवर बसले आणि कोटासकट त्या गुळगुळीत फरशीवर रांगायला लागले. खेकडा माझ्या दिशेने वळला आणि मी मागे सरले.

आणि मग मी बघितलं तर माझा नवराही खाली होता.

त्याच्याबद्दल एक सांगायला हवं. तो वेंगुर्ल्याजवळच्या खाडीकाठच्या गावातला. पण ऑफिसात 'बॉम्बे' म्हणायचा आणि विषय संपवायचा. गोल्फ शिकला, वाइन शिकला, माझ्या बोलण्यातल्या चुका पार्टीनंतर गाडीत सुधारायचा. या सगळ्यात सगळ्यात जास्त लाज कुणाला वाटेल असं मला कुणी विचारलं असतं तर मी त्याचं नाव घेतलं असतं. तो चारशे लोकांसमोर भाड्याच्या टक्सिडोमध्ये गुडघे टेकून बसला होता आणि म्हणत होता, "थांबा थांबा, पुढून नको, डेंगा लागेल!" नांगीला डेंगा म्हणत, मालवणी हेल काढून, शांघायच्या माणसाला. त्याने खेकड्याला मागून, पाठीवरून दोन बोटांत अलगद उचललं, दोरी पुन्हा गुंडाळली, आणि तो मामांना दाखवला. मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग दोघेही हसायला लागले, फरशीवर बसल्या बसल्याच.

"आमच्याकडे याला कुर्ली म्हणतात," तो गाइडला म्हणाला. "सांग त्यांना. आणि किचनमध्ये विचार, हे उकडून देतील का. आम्ही इथेच बसून खाऊ."

"अरे, प्रोग्रॅम!" मी हळूच म्हटलं. "तुझं नाव पुकारणार आहेत."

"तू जा ना पुढे. मी येतोच. नाहीतर बस तू पण आमच्याबरोबर."

त्याने खरंच म्हटलं होतं, बस म्हणून. मामींनी खुर्ची मागे ओढली होती माझ्यासाठी. गाइडने वरून खोलीतून आणलेली पिशवी मी त्यांना दिली. मामांनी ती तिथेच उघडली, जाकीट नाकाला लावून वास घेतला आणि टोपी लगेच डोक्यावर घातली. मग मला विचारलं, गाइडने सांगितलं: "सुया टोचतात तो बहिणीचा हात कसा आहे? फार सुजतो का?"

मला माहीत नव्हतं. आजी नेहमी लांब बाह्यांचं घालायच्या. मी म्हटलं, "बरा आहे."

"जेवते का नीट? तिला भात आवडतो. आता डॉक्टर किती खाऊ देतात?"

"जेवतात," मी म्हटलं. "काकड्या लावतात. छान आहेत."

त्यांनी अजून काही विचारण्याआधी मी घड्याळाकडे बघितलं, हात जोडले, आणि हॉलकडे गेले.

नवऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा स्टेजवर मी गेले. काचेचं स्मृतिचिन्ह माझ्या हातात देऊन बॉसने माइकवर विचारलं, "व्हेअर इज ही?" आणि मागच्या टेबलावरून उत्तर आलं, "चेसिंग सीफूड!" हॉलभर हशा पिकला. मीही हसले. सगळ्यांबरोबर, मोठ्याने.

तो आला तेव्हा गोड वाढून झालं होतं. शर्टाच्या बाहीला डाग, बोटांना वास. शेजारी बसून तो मला हळू आवाजात सांगत होता. आजींनी आईविना वाढलेल्या या भावाला लहानपणी पाठीवर बांधून शाळेत नेलं होतं. खेकडे फोडायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. स्वतः पाय चोखायच्या आणि गाभा त्याला द्यायच्या. असं बरंच काही. कितीतरी वर्षांत मी त्याला इतकं खूश बघितलं नव्हतं.

"फोटो काढलास ना?" मी विचारलं.

"मी? कॅमेरा तुझ्याकडे आहे."

माझ्या पर्समध्ये होता. त्यात टॉवरचे फोटो होते, टबचे होते, नाश्त्याच्या टेबलावर कोरलेल्या कलिंगडाचे होते. गाइडने मामांना फोन लावला, पण ते बसमध्ये होते, घरच्या वाटेवर. पहाटे आमचं विमान होतं.

परत आल्यावर पहिले दोन दिवस मी परसात गेले नाही. जेट लॅग आहे असं लेकीला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कुणीतरी सगळ्यांना ईमेलने फोटो पाठवले. त्यातल्या एकाचं नाव 'कॅच ऑफ द डे' होतं. त्यात मामा होते. गुडघ्यांवर, हात पुढे, तोंड उघडं, आणि त्यांच्यासमोर माझा नवरा. मामांचा तेवढा एकच फोटो जगात आमच्याकडे होता.

"हा नाही दाखवायचा," मी म्हटलं.

"मग काय दाखवणार?" नवऱ्याने विचारलं. "तुझं कलिंगड?"

तो असं टोचून क्वचितच बोलायचा. शनिवारी आम्ही लॅपटॉप घेऊन शेजारी गेलो. नवऱ्याने फोटो उघडला. आजींनी चष्मा लावला, स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या आणि काही क्षण त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, खांदे हलेपर्यंत. स्क्रीनवरच्या टकलावर बोट ठेवून मुलाला काहीतरी सांगत होत्या. मग खरंच रडल्या.

मुलगा मागे उभा होता. फोटोच्या वरची इंग्रजी ओळ त्याने वाचली. मला दिसलं की वाचली. आजींनी त्या अक्षरांकडे बोट करून त्याला काही विचारलं. तो चिनीत चार शब्द बोलला. आजींनी समाधानाने मान हलवली.

नंतर दारात निरोप घेताना मी त्याला विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"शांघायची आठवण, असं लिहिलंय म्हटलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पण त्याआधी, लॅपटॉप बंद करायच्या आत, आजींनी फोटोच्या कडेला बोट ठेवलं होतं. तिथे चंदेरी सँडलमधले दोन पाय होते, एक जमिनीवर, एक मागे उचललेला.

"आई विचारतेय, हे कुणाचे?"

"माझे," मी म्हटलं.

आजी माझ्याकडे वळल्या. काहीतरी बोलल्या.

"विचारतेय, घाबरलात का?"

मी 'हो' म्हटलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. तेव्हा त्यांची बाही वर सरकली आणि मला तो हात दिसला. कोपराच्या आतल्या बाजूला शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, जागोजाग निळसर डाग.

त्यानंतर व्हॅन यायची तेव्हा मी बाहेर जाऊन त्यांची पिशवी आणि ब्लँकेट धरायचे. कधी त्यांच्याबरोबर गेलेही, मशीनशेजारी बसले. त्याने काही फिटलं असं मला कधी वाटलं नाही. २००८च्या वसंतात आजी गेल्या. मामांना तिकडून येणं जमलं नाही. फ्युनरल होममध्ये मुलाने त्यांना फोन लावला, स्पीकरवर, आणि ते बहिणीशी बरंच काही बोलले. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं.

नवऱ्याने फोन हातात घेतला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. तो मालवणीत बोलत राहिला, "आता काय करतलास, मामानू, गेली ती" असं, आणि पलीकडून चिनीत उत्तरं येत राहिली. दोघेही रडत होते.

मग मामांनी भाच्याला काहीतरी सांगितलं आणि तो माझ्याकडे आला.

"मामा म्हणतोय, तुम्ही शाकाहारी आहात हे त्याला माहीत नव्हतं. तुमच्या मिस्टरांनी नंतर सांगितलं. म्हणतोय, त्या वासामुळे तुम्हाला निघून जावं लागलं, त्याचं त्याला फार वाईट वाटलं. तो सॉरी म्हणतोय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली बघत होता.

"सांगा त्यांना," मी म्हटलं, आणि पुढे काय सांगायचं ते मला सुचेना. मुलगा वाट बघत होता. फोनमधून मामांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मुलगाच आपल्या मनाने त्यांना काहीतरी बोलला. काय ते मी विचारलं नाही.